ते खोकं अजून त्याच कप्प्यात आहे

प्रति,
ऑपरेशन थिएटर चालवणाऱ्या सर्व रुग्णालयांचे अधीक्षक, व्यवस्थापक आणि विश्वस्त यांस,

सप्रेम नमस्कार.

मी भूलतज्ज्ञ आहे. गेली २२ वर्षं माणसांना झोपवणं आणि सुखरूप जागं करणं हेच माझं काम. हे पत्र एका ॲम्प्यूलमुळे, म्हणजे इंजेक्शनच्या औषधाच्या काचेच्या छोट्या कुपीमुळे, लिहिते आहे. तिने कुणाचाही जीव घेतला नाही, आणि तिच्याबद्दल लिहायचं कारणही तेच आहे.

पहाटेचे साडेतीन वाजले होते. तातडीचं सिझेरियन होतं. बाई टेबलाच्या कडेला बसलेली, उशी पोटाशी धरून पाठ वाकवलेली. मी हात धुऊन, ग्लोव्ह घालून कमरेत भूल द्यायच्या तयारीत होते. सिस्टरने ॲम्प्यूल फोडून माझ्यापुढे धरली, मी सुई घालून दोन मिली औषध ओढलं आणि पाठीकडे वळले. मागून सिस्टरचा आवाज आला, "मॅडम, थांबा जरा. यात फार उरलंय."

कमरेतल्या भुलेसाठी आम्ही जे ब्युपिव्हॅकेन वापरतो, थिएटरमध्ये ज्याला सगळे नुसतं 'हेवी' म्हणतात, त्याची आमच्याकडची ॲम्प्यूल चार मिलीची असते. दोन घेतले की दोन उरतात. हे आमच्या डोळ्यांना इतकं सवयीचं झालंय की त्याकडे वेगळं बघायची गरजच पडत नाही. त्या रात्री काचेत तीन मिली उरले होते. सिस्टरने अंगठा बाजूला करून लेबल दिव्याकडे धरलं. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड होतं.

हे औषध वाईट नाही. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आटोक्यात आणायला ते शिरेतून देतात आणि त्याने जीव वाचतात. म्हणूनच ते सिझेरियनच्या वेळी हाताशी ठेवलेलं असतं. तेच मणक्यातल्या पाण्यात गेलं, तर पाठ आणि पाय असह्य दुखू लागतात, झटके सुरू होतात, ते आवरता आवरत नाहीत, हृदयाची लय बिघडते. यातून पुष्कळ रुग्ण वाचत नाहीत.

मी सिरिंज टाकून दिली. नवी घेतली, नवी ॲम्प्यूल मागवली, आम्ही दोघींनी लेबल मोठ्याने वाचलं. बाळ रडलं. चौथ्या दिवशी आई बाळाला घेऊन घरी गेली.

ड्युटी संपायच्या आत मी घटना नोंदवण्याचा फॉर्म भरला. त्यात लिहिलं की नव्या खरेदीपासून दोन्ही औषधांच्या ॲम्प्यूल जवळजवळ सारख्या दिसतात, लेबलाचा रंगही तसाच आहे, आणि दोन्हींची खोकी भुलेच्या ट्रॉलीत एकाच कप्प्यात शेजारी शेजारी ठेवलेली असतात. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड ट्रॉलीतून काढून समोरच्या कपाटात ठेवावं, असं सुचवलं. सिस्टरच्या चौकसपणामुळे प्रसंग टळला, हेही आवर्जून लिहिलं. तिचं नाव त्यात मी घातलं, कारण मला तिचं कौतुक व्हायला हवं होतं.

दहा दिवसांनी मला पत्र आलं. 'आपल्याकडून झालेल्या निष्काळजीपणाबाबत तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.' तसंच पत्र सिस्टरलाही गेलं. पुढच्या महिन्यात तिची थिएटरमधून वॉर्डात बदली झाली. थिएटरच्या दाराबाहेर परिपत्रक लागलं : सर्वांनी इंजेक्शन देण्यापूर्वी लेबल काळजीपूर्वक वाचावे.

खोकी मात्र जागची हलली नाहीत.

त्यानंतर ड्युटी रूममध्ये माझा एक सहकारी दार लावून घेऊन मला म्हणाला, "माझ्या हातूनही हेच होता होता राहिलं होतं. तुझ्या तीन महिने आधी. त्याच कप्प्यातून." त्याने फॉर्म भरला नव्हता. का भरला नाही हे मी विचारलं नाही. मला आलेलं खुलाशाचं पत्र तोवर सगळ्यांनी वाचलेलं होतं.

हे ऐकल्यावर माझी झोप उडाली. तीन महिने आधी त्याने लिहिलं असतं आणि ते खोकं हललं असतं, तर त्या बाईच्या पाठीपर्यंत ती सिरिंज पोचलीच नसती. आणि मी लिहूनही ते हललेलं नाही, म्हणजे पुढची बाई कोण असेल ते सांगता येत नाही.

विमानवाल्यांनी हा धडा आपल्या आधी शिकला, आणि फार मोठी किंमत मोजून. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळच्या डलस विमानतळाकडे उतरणारं टीडब्ल्यूए कंपनीचं ५१४ क्रमांकाचं विमान वाटेतल्या डोंगरावर आदळलं. विमानातले सर्व ९२ जण गेले. उतरण्याची परवानगी मिळाली, याचा अर्थ वैमानिकांनी एक घेतला आणि नियंत्रण कक्षाच्या मनात दुसरा होता. चौकशीत कळलं, की जेमतेम सहा आठवड्यांपूर्वी युनायटेड कंपनीच्या एका विमानानेही हीच चूक केली होती आणि ते थोडक्यात वाचलं होतं. त्या वैमानिकांनी कंपनीला सांगितलं, कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं. टीडब्ल्यूएच्या वैमानिकांपर्यंत ते पोचण्याची वाटच नव्हती.

पुढे जे झालं ते मी आपल्यासमोर मुद्दाम मांडते आहे. १९७५ मध्ये अमेरिकेच्या हवाई वाहतूक नियामकाने आपली स्वतःची नोंद-योजना सुरू केली. ज्याच्या हातात परवाना रद्द करण्याचा अधिकार, त्यालाच आपली चूक लिहून कळवायला वैमानिक बिचकले. म्हणून १९७६ मध्ये हे काम नासाकडे सोपवलं गेलं. नासाला कुणालाही शिक्षा करता येत नाही. आलेल्या नोंदींतून नावं काढून टाकायची आणि त्यातला धडा सगळ्यांपर्यंत पोचवायचा, अशी ती व्यवस्था. ती आजही चालू आहे.

आपल्या रुग्णालयांत फॉर्म कुणाच्या टेबलावर जातो? बहुतेक ठिकाणी वार्षिक गोपनीय अहवाल लिहिणाऱ्याच्याच. मग कपाटातला फॉर्मांचा गठ्ठा कोरा राहतो यात नवल नाही. 'आमच्याकडे वर्षभरात एकही घटना नाही' असं वार्षिक बैठकीत अभिमानाने सांगितलेलं मी ऐकलं आहे. साहेब, रोज भूल दिली जाते अशा ठिकाणी वर्षभर काहीच चुकलं नाही, असं होत नसतं. तिथे कुणी बोललं नाही, एवढंच त्या शून्यावरून कळतं.

आमच्या शास्त्राला मृत्यू मोजायची सवय पहिल्यापासून आहे. क्लोरोफॉर्म वापरात येऊन थोडेच महिने झाले होते, तेव्हा २८ जानेवारी १८४८ रोजी हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचं नख काढताना दगावली. इंग्लंडमधले डॉक्टर जॉन स्नो यांनी अशा मृत्यूंचा पाठपुरावा केला; त्यांच्या १८५८ च्या ग्रंथात क्लोरोफॉर्मखाली झालेल्या ५० मृत्यूंची चिकित्सा आहे. पण मृत्यू मोजून शिकायचं म्हणजे आधी कुणीतरी मरायला हवं.

हा क्रम उलटा करणारा माणूस डॉक्टर नव्हता, अभियंता होता. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले जेफ्री कूपर. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या चुका समजून घेताना मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी एक पद्धत बसवली होती, ती कूपर यांनी थिएटरमध्ये आणली. भूलतज्ज्ञांना समोर बसवून विचारायचं : चुकलेलं किंवा चुकता चुकता राहिलेलं काय आठवतं, ते सांगा. ४७ मुलाखतींतून टाळता येण्यासारखे ३५९ प्रसंग निघाले. १९७८ साली ते प्रसिद्ध झाले. ८२ टक्के प्रसंगांत माणसाची चूक होती. यंत्र उघडपणे बिघडल्याचे प्रसंग होते १४ टक्के.

हा ८२ चा आकडा मी अनेकदा चुकीच्या कामाला जुंपलेला पाहिला आहे. 'बघा, माणसंच चुकतात' असं म्हणून पुढे खुलासा मागवायचा. कूपर यांनी मात्र पुढचं विचारलं : माणूस कुठे, कधी, कशामुळे चुकला? तेव्हा दिसलं की त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. श्वासाची नळी सर्किटपासून, म्हणजे भुलेच्या यंत्राकडून येणाऱ्या नळ्यांपासून, सुटणं, वायूंचा प्रवाह नकळत बदलला जाणं, सिरिंजची अदलाबदल. आणि भोवती नेहमीची परिस्थिती : घाई, लक्ष विचलित होणं, एकमेकांशी नीट बोलणं न होणं. वेगवेगळी माणसं जर एकाच जागी ठेचकाळत असतील तर आधी तिथला दगड काढायला हवा. १९८६ मध्ये हार्वर्डशी संलग्न रुग्णालयांनी भूल देताना रुग्णावर कशी देखरेख ठेवायची याचे नियम जाहीर केले, त्यात सर्किट सुटल्याचं ओळखणारी यंत्रणा आवश्यक ठरली. आज ती नळी सुटली की यंत्र ओरडतं. तो अलार्म अशा बोलून दाखवलेल्या चुकांनी घडवला आहे.

आमच्या थिएटरमधल्या कितीतरी वस्तूंत अशा जुन्या चुका मुरलेल्या आहेत. ऑक्सिजनचा लहान सिलिंडर यंत्राला जिथे बसतो तिथे दोन बारीक खुंट्या असतात. ऑक्सिजनसाठी २ आणि ५ क्रमांकाच्या जागी, नायट्रस ऑक्साइड या भुलेच्या वायूसाठी ३ आणि ५. चुकीचा सिलिंडर तिथे बसतच नाही. मध्यरात्री, दमलेल्या, नवशिक्या हातांनीही बसत नाही. मणक्यातल्या सुयांसाठीही आता वेगळ्या मापाची जोडणी आली आहे, शिरेत द्यायची साधी सिरिंज तिला लागत नाही. पण ॲम्प्यूलला अशी खुंटी नाही. तिच्या उघड्या तोंडातून कुठल्याही सिरिंजने काहीही ओढता येतं. म्हणून तिच्या बाबतीत कप्पा, कपाट आणि खरेदी यांच्यावरच सगळी भिस्त असते. आणि या तिन्ही गोष्टी माझ्या हातात नाहीत, आपल्या हातात आहेत. मी माझ्या ड्युटीत ते खोकं उचलून समोरच्या कपाटात ठेवते. दुसऱ्या दिवशी ट्रॉली भरणारा स्टोअरच्या यादीप्रमाणे ते परत पहिल्या जागी ठेवतो. त्याचं काही चुकत नाही, यादीत तसंच आहे.

माझ्या हातून निसटलेला हा काही जगावेगळा प्रसंग नव्हता. २०१९ मध्ये 'ॲनेस्थेशिया' या नियतकालिकात एक आढावा आला. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड चुकून मणक्यात गेल्याच्या २१ प्रसंगांची माहिती त्यात होती. त्यातले १० रुग्ण दगावले. मार्च २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याच चुकीबद्दल जगभर इशारा दिला : दोन्ही औषधं वेगवेगळ्या जागी ठेवा, सारख्या दिसणाऱ्या ॲम्प्यूलपासून सावध राहा. आमच्या थिएटरपर्यंत तो कागद कधी आला का, हे मला कुणी सांगू शकलं नाही. ज्या संस्थेत आतली नोंद वर जात नाही, तिथे बाहेरचा इशाराही खाली येत नाही, असा माझा अनुभव आहे.

आता त्या सिस्टरबद्दल. बदलीमुळे रुग्णालयाने काय गमावलं, याची आपल्याला कल्पना असावी असं मला वाटतं. २००५ साली इंग्लंडमध्ये इलेन ब्रॉमिली या तरुण आईला सायनसच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी भूल दिली गेली. श्वासमार्ग हाती लागेना. अनुभवी डॉक्टर घशातून नळी घालण्याचा प्रयत्न करत राहिले, ऑक्सिजन खाली गेलेला तसाच राहिला. एका नर्सने गळ्यातून श्वासाची वाट करायचा संच आणून ठेवला आणि तसं सांगितलंही. दुसरीने अतिदक्षता विभागात खाट राखून ठेवली. काय करायला हवं हे खोलीतल्या काही जणींना उमगलं होतं, पण डॉक्टरांना ते पटेल असं कसं सांगावं हे त्यांना कळत नव्हतं. काही दिवसांनी इलेन गेल्या. त्यांचे पती मार्टिन ब्रॉमिली वैमानिक. त्यांनी कुणाला शिक्षा व्हावी असा हट्ट धरला नाही. काय घडलं ते शोधा आणि त्यातून शिका, एवढंच मागितलं. पुढे त्यांनी रुग्णसुरक्षेतल्या मानवी घटकांवर काम करणारा गट उभा केला.

आमच्या सिस्टरला सांगता आलं. पहाटे साडेतीनला, माझ्यासारख्या ज्येष्ठ डॉक्टरला ती 'थांबा' म्हणाली. थिएटरमधली इतकी मोलाची गोष्ट आपण वॉर्डात पाठवून दिली. आणि बाकीच्या सिस्टरांनी यातून काय घेतलं असेल? मी तेव्हापासून प्रत्येक वेळी स्वतःहून विचारते, "काही चुकतंय का, बोला." उत्तर यायला पूर्वीपेक्षा जरा वेळ लागतो.

माझी मागणी साधी आहे. थोडक्यात टळलेल्या प्रसंगाची नोंद शिस्तभंगाच्या वाटेवरून पूर्ण बाजूला काढा. ती वाचणाऱ्यांत भूलतज्ज्ञ असावा, थिएटरची सिस्टर असावी, तंत्रज्ञ असावा, औषधांची खरेदी करणारा तर असायलाच हवा, कारण निम्म्या गोष्टींचं मूळ तिथे असतं. पगारवाढ आणि बदल्या ठरवणारा त्यांत नसावा. फॉर्म एका पानाचा करा. काय झालं, काय होऊ शकलं असतं, कशामुळे टळलं, काय बदलावं. नाव लिहायचं की नाही हे लिहिणाऱ्यावर सोडा. टळलं कशामुळे, हा प्रश्न विसरू नका. आजवर पाहिलेल्या एकाही फॉर्मवर मला तो दिसलेला नाही, आणि आमच्या प्रसंगात सगळं शहाणपण त्याच उत्तरात होतं.

आणि उत्तर द्या. फॉर्म न भरण्याचं कारण भीती असतं हे खरंच, पण भीती गेल्यावरही लोक लिहीत नाहीत, कारण लिहिलेलं कुठे जातं ते दिसत नाही. महिन्यातून एकदा थिएटरच्या फलकावर लावा : अमुक नोंद आली, तमुक बदल केला, किंवा करता आला नाही, कारण हे. नकार असला तरी चालेल. वाचलं गेलं हे कळू द्या. सुरुवातीला नोंदींची संख्या वाढेल. घाबरू नका, आणि कृपा करून त्या संख्येवरून विभागांची तुलना करू नका. तसं केलंत तर पुढच्याच महिन्यात सगळे पुन्हा शून्यावर येतील.

'मग कुणालाच जाब विचारायचा नाही का?' हा प्रश्न मला प्रत्येक बैठकीत विचारला जातो आणि तो रास्त आहे. नशेत कामावर येणारा, नोंदी खोट्या लिहिणारा, धोका समोर दिसत असून मुद्दाम नियम मोडणारा, यांना जरूर विचारा. त्यासाठी वेगळी वाट आहे आणि ती असायला हवी. पण सारख्या दिसणाऱ्या दोन ॲम्प्यूलमधली भलती उचलणारा हात त्या रांगेतला नाही. दुसरं, रुग्णाला प्रत्यक्ष इजा झाली असेल तर ती केसपेपरवर लिहायची आणि रुग्णाला, नातेवाइकांना समोर बसून सांगायची. हा फॉर्म म्हणजे ते टाळण्याची पळवाट नव्हे. याबाबत माझ्या व्यवसायबंधूंनाही मी हेच सांगत आले आहे, आणि सगळ्यांना ते आवडतं असं नाही.

मागच्या महिन्यात त्या सिस्टर जिन्यात भेटल्या. वॉर्डात रुळल्या आहेत म्हणाल्या. बदलीबद्दल एक शब्दही बोलल्या नाहीत. निघताना एवढंच विचारलं, "मॅडम, ती ट्रॉली बदलली का हो?"

मला 'नाही' म्हणावं लागलं.

आपल्या थिएटरमध्ये आजच जा. इन-चार्ज सिस्टरला सोबत घ्या, भुलेच्या ट्रॉलीचा तो कप्पा उघडायला सांगा आणि दोन्ही ॲम्प्यूल हातात घेऊन, लेबलावर अंगठा ठेवून बघा. मग स्टोअरची यादी मागवा.

आपली,
एक भूलतज्ज्ञ